वर्षाला एकच बोअर: धार जिल्ह्यातल्या एका चुनखडी खाणीत बोअरचं अंतर कसं ठरलं

हे प्रकरण इंदूरच्या एका भूवैज्ञानिक सल्लागार कार्यालयानं हाताळलेलं आहे. खाण, कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत आणि आकडे पूर्णांकाच्या जवळ आणले आहेत. हिशेब मात्र वाचकाला कागद-पेन घेऊन तपासता येईल असा ठेवला आहे.

पार्श्वभूमी

खनिपट्टा धार जिल्ह्यात, नर्मदेकडच्या उतारावर. क्षेत्र १४४ हेक्टर, साधारण १.६ किलोमीटर लांब आणि ०.९ किलोमीटर रुंद. खडक बाघ थरांचे. तळाला निमार वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडी, मग पिवळट मार्ल (चुनखट मातीचा मऊ खडक) आणि सर्वांत वर कोरलाइन चुनखडी. पूर्वेकडे या सगळ्यावर काळ्या फत्तराचं पांघरूण, पश्चिमेकडे नुसती माती आणि मुरूम. नर्मदेच्या या पट्ट्यात फत्तराचे डाइक (भेगांत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती) पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य असे धावतात. ही दिशा लक्षात ठेवावी, पुढे ती दोनदा लागेल.

वापरण्याजोग्या चुनखडीची सरासरी जाडी १२ मीटर आणि घनता २.५, म्हणजे हेक्टरी ३ लाख टन. सिमेंट कारखान्याची गरज वर्षाला १२ लाख टन. शोधकार्य २०० मीटरच्या चौकोनी जाळ्यावर झालेलं होतं: ३६ बोअर, सरासरी खोली ३० मीटर. खनिजसाठ्याच्या पुराव्याबाबतच्या २०१५च्या नियमांत जी-४ (प्राथमिक टेहळणी) ते जी-१ (सविस्तर शोध) असे टप्पे आहेत. त्या चौकटीत अहवाल तयार झाला, मंजूर झाला, खाण सुरू झाली.

अडचण

खाणयोजनेत चुनखडीतल्या मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) सरासरी २.२ टक्के धरली होती. क्रशरवर एका तिमाहीत १.६ आली, पुढच्या तिमाहीत ३.१. साधारण दीड टन चुनखडीतून एक टन क्लिंकर (भट्टीतून निघणारा, दळला की सिमेंट होणारा माल) निघतो, त्यामुळे ३.१ टक्क्यांचा दगड क्लिंकरमध्ये ४.६५ टक्के मॅग्नेशिया घेऊन जातो. आयएस २६९ या भारतीय मानकाप्रमाणे सिमेंटमधली कमाल मर्यादा ६ टक्के आहे. कोळशाची राख, माती आणि रोजचा चढउतार जमेस धरून कारखान्यानं स्वतःसाठी क्लिंकरची मर्यादा ४.२ ठेवली होती, म्हणजे दगडात २.८. साधारण दोन टक्क्यांपर्यंतचा मॅग्नेशिया क्लिंकरच्या खनिजांत सामावतो. उरलेला पेरिक्लेज होऊन बसतो, फार सावकाश पाणी पितो, फुगतो आणि घट्ट झालेल्या काँक्रीटला तडे पाडतो. त्यामुळे हा आकडा रेटून नेता येत नाही. बाहेरून कमी मॅग्नेशियाचा दगड विकत आणून मिसळावा लागला आणि तिथून प्रश्न इंदूरला आला.

पहिल्या बैठकीत खाण व्यवस्थापकांनी सरळ विचारलं, "साहेब, नियमात बसतंय ना? मग आणखी बोअर कशाला?" उत्तर वरच्याच आकड्यांत होतं. १२ लाख टनांना ४ हेक्टर लागतात आणि २०० मीटरच्या जाळ्यात एका बोअरच्या वाट्याला ४ हेक्टरच येतात. कारखान्याचं एक अख्खं वर्ष एका बोअरच्या भरवशावर चाललं होतं. नियमातलं अंतर साठा जाहीर करण्यासाठी असतं. पुढच्या तिमाहीत क्रशरवर काय पडेल, हे त्यातून कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

पुढे असलेले पर्याय

व्यवस्थापनानं ६० लाखांची तरतूद केली होती. ड्रिलिंग, नमुना तयारी आणि तपासणी मिळून कराराचा दर मीटरला ३,२०० रुपये होता.

पहिला पर्याय, नवीन बोअर घ्यायचेच नाहीत. ब्लास्ट-होलच्या (सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या) चुऱ्याचे नमुने आणि कारखान्यातला मिश्रणाचा ढीग यांवर भागवायचं. ब्लास्ट-होल सुरुंगाच्या आठवडा-दोन आठवडे आधी पडतात. तोवर माती काढून फेस (खणायचा उभा कडा) उघडलेला असतो, आणि वाईट दगड निघाला तर दुसरा फेस उभा करायला महिने जातात.

दुसरा, अख्ख्या पट्ट्यावर १०० मीटरचं जाळं: १०८ नवे बोअर, ३,२४० मीटर, १ कोटी ४ लाख. कंपनीचा कल इकडे होता. "अर्धं अंतर" ऐकायला नेमकं वाटतं, पण १०० हा आकडा कुठून आला याचं उत्तर बैठकीतल्या कोणाकडेच नव्हतं.

तिसरा, पहिल्या पाच वर्षांच्या २० हेक्टरवरच ५० मीटरचं जाळं: ८० जागा, त्यांपैकी ५ आधीच्या, ७५ बोअरचे ७२ लाख.

चौथा, आधी थोडे पैसे खर्चून व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा दोन नमुन्यांतला फरक कसा वाढतो हे दाखवणारा आलेख) मिळवायचा, मग अंतर ठरवायचं. हा निवडला गेला, पण सहज नाही. ज्या बोअरमधून साठा एका टनानंही वाढणार नाही, त्यांवर पैसे घालायला कोणतंही व्यवस्थापन कां कू करतंच.

त्याआधी एक गोष्ट ठरवणं भाग होतं: चूक किती चालेल? खाणक्षेत्रात एक आडाखा रूढ आहे. तिमाही उत्पादनाचा अंदाज ९० टक्के खात्रीनं १५ टक्क्यांच्या आत असेल तर साठा 'मोजलेला' (सर्वांत खात्रीचा वर्ग), वार्षिक अंदाज तसा असेल तर 'दर्शवलेला' (त्याखालचा वर्ग). सोन्याला हे ठीक आहे. चुनखडीत कॅल्शियम ऑक्साइड ४६ टक्के असेल तर त्याच्या १५ टक्के म्हणजे ७ टक्के-बिंदू. ३९ ते ५३ यांत कुठेही, असं सांगून कारखान्याच्या काय कामाचं? म्हणून आडाखा बाजूला ठेवून मॅग्नेशियाच्या सरळ टक्के-बिंदूंत मर्यादा ठरवली. सरासरी २.२ आणि मर्यादा २.८ यांत ०.६ चं अंतर आहे, तेव्हा तिमाहीला चूक ०.६५ च्या आसपास. बाहेरच्या दगडाचा करार वर्षाचा असतो आणि ०.३५ पर्यंतची चूक त्या करारात जिरते, म्हणून वर्षाला ०.३५.

पहिला निर्णय: जवळजवळचे बोअर

३६ बोअरच्या मॅग्नेशियाचा व्हेरिओग्राम काढला तर तो सपाट आला. २०० मीटरवरच तो पूर्ण सिलवर (वक्र जिथे सपाट होतो त्या उंचीवर), ०.६४ वर होता. याचा अर्थ दगडात सातत्यच नाही असा होत नाही. सातत्य असलंच तर ते २०० मीटरच्या आत संपतं, आणि त्या आतलं आपण काही पाहिलेलं नाही, इतकंच. सॉफ्टवेअरला हे समजत नाही. आपोआप बसवलेल्या वक्रानं ३५० मीटरची रेंज (ज्या अंतरापलीकडे नमुन्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही ते) दाखवली होती, आणि तिच्या जोरावर २०० मीटरचं जाळंही बरंच ठाकठीक दिसत होतं. ६० मीटरची रेंज त्याच सपाट बिंदूंतून त्याहून नीट जात होती, आणि ती खरी असती तर ५० मीटरचं जाळंसुद्धा तोकडं पडलं असतं. अंतराचा सगळा निकाल या न पाहिलेल्या भागावर अवलंबून होता.

म्हणून एका जुन्या बोअरला मध्य धरून क्रॉस आखला. एक बाहू डाइकच्या दिशेत, दुसरा त्याला काटकोनात. प्रत्येकी २०० मीटर, २५ मीटरवर एक बोअर. नवे बोअर १६, खर्च १५ लाख ३६ हजार.

क्रॉसची मर्यादा इथेच सांगायला हवी. एका बाहूवर ९ बिंदू, म्हणजे २५ मीटरच्या जोड्या ८, ५० मीटरच्या ७, ७५ मीटरच्या ६. एवढ्यावर वक्र बसवणं धाडसाचं. इथे उपयोगी पडला तो खाणीत धूळ खात पडलेला ब्लास्ट-होलचा डेटा. आधीच खणलेल्या बेंचेसमधले (खाणीतल्या पायऱ्यांमधले) शेकडो निकाल, काही मीटरच्या अंतरावरचे. चुऱ्याच्या नमुन्यात चूक जास्त असते, त्यामुळे त्यातला नगेट (अगदी जवळच्या दोन नमुन्यांतही उरणारा फरक) उचलला नाही. वक्र किती अंतरावर वळतो आणि कोणत्या दिशेत लांब चालतो, एवढंच त्यातून घेतलं. ते क्रॉसशी जुळलं.

मॉडेल असं ठरलं: नगेट ०.१२, गोलीय घटक (अंतराबरोबर वाढत जाणारा भाग) ०.५२, रेंज डाइकच्या दिशेत १६० मीटर आणि आडव्या दिशेत ९० मीटर. हे सगळं पूर्ण जाडीच्या कंपोझिटवर (बोअरमधले नमुने एकत्र करून काढलेल्या सरासरीवर), जाडीचा भार देऊन. उभ्या व्हेरिओग्राममधून १ मीटरच्या नमुन्याचा नगेट मिळतो, पण तो १२ मीटरच्या कंपोझिटला तसाच चिकटवायचा नसतो. जाडी वाढली की तो उतरतो. ही चूक अहवालांमध्ये वारंवार दिसते.

दुसरा निर्णय: पेटीत नसलेला दगड

क्रॉसचे पहिले तीन बोअर आले तेव्हा कोअरचे (बोअरमधून निघणाऱ्या दगडी दंडगोलांचे) बॉक्स शेजारी शेजारी मांडून पाहिले. ३ मीटरच्या रनमध्ये (एका खेपेत पाडलेल्या लांबीत) २.६ मीटर कोअर, रिकव्हरी ८७ टक्के. कागदावर चालून जाणारी. पण दोन तुकड्यांच्या कडा जुळवल्यावर दिसलं, की तुकड्यांची तोंडं घासून गोल झालेली होती आणि खोबणीत पिवळी साय वाळलेली होती. गेलेला ४० सेंटिमीटर भाग चुनखडीचा नव्हता, मऊ मार्लचा होता, आणि या खाणीत मार्लमध्येच मॅग्नेशिया आणि सिलिका जास्त. लॉगमध्ये मात्र उरलेल्या कोअरची टक्केवारी पूर्ण ३ मीटरला लावलेली. म्हणजे चूक नेहमी एकाच बाजूला: दगड कागदावर चांगला, क्रशरवर वाईट. अशा चुकीवर अंतर कमी करणं हा उपायच नाही. बोअर दुप्पट घेतले तर तोच चुकीचा आकडा दुप्पट खात्रीनं मिळतो.

ड्रिलरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, पैसे मीटरचे मिळतात, मातीचे नाही." बरोबर होतं त्याचं. मग करारात बदल केला: रिकव्हरी ९० टक्क्यांच्या वर असेल तरच पूर्ण दर. रन ३ मीटरवरून दीड मीटरवर आणला, मार्ल लागल्यावर पाऊण मीटर. ट्रिपल-ट्यूब बॅरल (मऊ कोअर आतल्या वेगळ्या नळीत जपणारं) आणि पाण्याचा दाब कमी. दिवसाचे मीटर घटले, त्यावरून रिगवर धुसफूस झाली, पण रिकव्हरी ९५ च्या पुढे गेली. जुन्या ३६ बोअरपैकी ज्यांच्या पेट्या शेडमध्ये होत्या त्यांचं लॉगिंग पुन्हा केलं, आणि कोअर गहाळ असलेली जागा मार्ल समजून टक्केवारी दुरुस्त केली.

तिसरा निर्णय: जाळ्याचा आकार

दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग यांनी १९५१ मध्ये जे काम मांडलं आणि जॉर्ज मॅथेरॉन यांनी १९६० च्या दशकात ज्याला गणिती रूप दिलं, त्यातला एक गुण इथे कामाला येतो. क्रिगिंगची (व्हेरिओग्रामवरून भार ठरवून आसपासच्या बोअरवरून अंदाज काढण्याच्या या रीतीची) अंदाज-चूक नमुन्यांत आलेल्या आकड्यांवर अवलंबून नसते; फक्त व्हेरिओग्राम आणि बोअरची मांडणी यांवर असते. त्यामुळे न पाडलेल्या बोअरची चूकही आधी काढता येते.

रीत साधी ठेवली. एका बोअरनं त्याच्याभोवतीच्या चौकटीचं प्रतिनिधित्व केलं तर प्रमाण-चूक किती, ते व्हेरिओग्रामवरून काढायचं. त्या मुदतीत जितके बोअर येतात त्यांच्या वर्गमुळानं भागायचं. ९० टक्के खात्रीसाठी १.६४५ नं गुणायचं. तिमाहीला १ हेक्टर, वर्षाला ४. निकाल टक्के-बिंदूंत:

२०० × २०० मीटर: वर्षाला ±१.१६, तिमाहीला बोअरच येत नाही.
१०० × १०० मीटर: वर्षाला ±०.४५, तिमाहीला ±०.९०.
१०० × ६० मीटर: वर्षाला ±०.३२, तिमाहीला ±०.६४.
५० × ५० मीटर: वर्षाला ±०.१९, तिमाहीला ±०.३७.

पहिली ओळ वाचली की क्रशरवरच्या १.६ आणि ३.१ चं आश्चर्य उरत नाही. दुसरी ओळ सांगते, की कंपनीच्या मनातलं १ कोटीचं जाळंही मर्यादेत बसलं नसतं. ५० मीटरला चूक उतरते, पण जितके बोअर वाढतात त्या मानानं नाही. एका बोअरची प्रमाण-चूक १०० मीटरला ०.५५ आणि ५० मीटरला ०.४५, नगेट तसाच राहतो, आणि त्याला अंतर कमी करून हात लावता येत नाही.

१०० × ६० मध्ये लांब बाजू डाइकच्या दिशेत, कारण रेंज तिकडे लांब. चौकोनी ८० × ८० जाळ्यात जवळपास तितकेच बोअर लागतात आणि वार्षिक चूक ±०.३४ येते. फायदा थोडका आहे, पण फुकटचा आहे. रिगला ओळ कोणत्या दिशेत आखायची एवढाच प्रश्न. काम फक्त पहिल्या २० हेक्टरवर करायचं ठरलं. ३३ जागा, त्यांपैकी ४ ठिकाणी आधीचे बोअर. २९ नवे, ८७० मीटर, २७ लाख ८४ हजार.

या रीतीत एक गृहीतक दडलेलं आहे: शेजारच्या चौकटींच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र आहेत, आणि शेजारचा बोअर अंदाजाला मदत करत नाही. म्हणून जोडीला सशर्त सिम्युलेशन केलं. खाणीची १०० संभाव्य चित्रं तयार करून प्रत्येकावर १०० × ६० चं जाळं लटकं लटकं पाडून पाहिलं. वार्षिक चूक जुळली. तिमाहीची मात्र सगळीकडे सारखी नव्हती. पश्चिमेकडे ±०.५५ च्या आसपास, २० हेक्टरच्या पूर्व काठावर ±०.८. मार्ल जिथे जाड होतो तिथे मॅग्नेशियाची सरासरीही वाढते आणि चढउतारही. क्रिगिंगच्या चुकीला हा फरक दिसत नाही, कारण ती नमुन्यांचे आकडे पाहतच नाही. वर जो गुण म्हटला तोच इथे दोष ठरतो. अहवालात हे नोंदवलं गेलं. जाळं मात्र तसंच राहिलं.

डाइक

व्हेरिओग्राम टक्केवारीबद्दल बोलतो. दगड मुळात तिथे आहे की नाही, याबद्दल तो गप्प असतो. ९ मीटर रुंदीचा उभा डाइक ६० मीटर अंतराच्या दोन ओळींमधून एकाही उभ्या बोअरला न लागता निघून जाऊ शकतो, आणि ३०० मीटर लांबी, १२ मीटर जाडी धरली तर ८१ हजार टन चुनखडी कागदावरच राहते. डाइकच्या शेजारचा भाजलेला पट्टा वेगळा.

इथे बोअर वाढवण्यापेक्षा मॅग्नेटोमीटर स्वस्त पडतो. फत्तर चुंबकीय, चुनखडी जवळपास नाही. डाइकला आडव्या अशा ओळी २० मीटरवर चालून घेतल्या, खर्च ३ लाख. पश्चिमेला वर फत्तर नसल्यानं दोन डाइक स्वच्छ उमटले. त्यांवर ६० अंशांत तिरके ४ बोअर, प्रत्येकी ५० मीटर, ६ लाख ४० हजार. दोन्ही डाइक लागले. एकूण खर्च ५२ लाख ६० हजार.

निष्पत्ती

नव्या मॉडेलवर चार तिमाहींचं नियोजन झालं. क्रशरवरची टक्केवारी वजा नियोजनातली: +०.३, −०.४, +०.७, +०.१. वर्षाची सरासरी चूक ०.१८, मर्यादेच्या बरीच आत. तिसरी तिमाही बाहेर गेली. दहात एखादी जाणारच असं ९० टक्क्यांचा अर्थ सांगतो, पण ही नशिबावर ढकलण्यासारखी नव्हती: त्या तिमाहीचा फेस नेमका पूर्व काठावर होता. बाहेरचा दगड त्या तिमाहीत घ्यावा लागला. इतर तीन तिमाहींत आधीच आखलेल्या प्रमाणात काम भागलं. डाइक माहीत असल्यामुळे बेंच त्यांना समांतर वळवले गेले आणि काळा दगड क्रशरपर्यंत गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तरतुदीतले ७ लाख ४० हजार शिल्लक राहिले होते. पूर्व काठावर आणखी ७ बोअर ६ लाख ७२ हजारांत झाले असते, आणि सिम्युलेशननं जागाही दाखवून दिली होती. शिल्लक परत केल्याचं कौतुक झालं. तिसऱ्या तिमाहीत बाहेरून घेतलेल्या दगडाचं बिल वेगळ्या खात्यावर पडलं, त्यामुळे दोन आकडे कोणी एका कागदावर मांडलेच नाहीत.

क्रॉस एकाच जागी घेणं हाही प्रश्नच. १६ बोअरचे दोन छोटे क्रॉस केले असते तर जोड्या आणखी तोकड्या झाल्या असत्या, हे खरं. पण ब्लास्ट-होलचा डेटा हाताशी होता तो पश्चिमेचाच. म्हणजे पश्चिमेबद्दल दोन साक्षी आणि पूर्वेबद्दल एकही नाही. क्रॉस मार्ल जाड असलेल्या बाजूला सरकवणं जास्त शहाणपणाचं ठरलं असतं. सिलिकेचा व्हेरिओग्राम काढला गेला, पण अंतर फक्त मॅग्नेशियावर ठरलं. सिलिकेची रेंज लांब निघाली म्हणून ते चालून गेलं. उलट असतं तर तिच्यावरच अंतर ठरवावं लागलं असतं.

पूर्वेकडच्या पुढच्या टप्प्यासाठी क्रम बदलला आहे. तिथे फत्तराचं पांघरूण १५ ते २० मीटर आहे आणि त्यातून कोअर काढण्यात अर्थ नाही. डीटीएच हातोड्यानं (बोअरच्या तळाशी ठोकून दगडाचा चुरा करणाऱ्या) फत्तर पार करायचा, चुनखडीच्या माथ्याच्या दोन मीटर वर थांबून केसिंग टाकायचं, आणि तिथून पुढे ट्रिपल-ट्यूबनं कोअर. वरच्या फत्तरामुळे मॅग्नेटोमीटरचे आकडे तिकडे गढूळ येतील. त्यामुळे डाइकसाठी पश्चिमेला सापडलेल्या दोन रेषा पूर्वेकडे वाढवून त्यांवर आधी तिरके बोअर घ्यायचे, मग ८ बोअरचा छोटा क्रॉस, आणि त्याचे निकाल हाती येईपर्यंत जाळ्याच्या अंतराचा आकडा निविदेत लिहायचा नाही.